गाळात राहिलेले नाव

अमरावती-अकोल्यात अशी कितीतरी जुनी घरे आहेत की जिथे आजोबा-पणजोबांच्या शिक्षणाचा विषय निघाला की हिस्लॉप कॉलेजचे नाव हमखास निघते. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले ते १९२३ मध्ये. त्याआधी वऱ्हाडातल्या मुलाला पुढे शिकायचे म्हटले की पळसाची पाने डोळ्यांपुढे ठेवून गाडी पकडायची ती नागपूरची, आणि नागपुरात मॉरिस नाही तर हिस्लॉप. नावे अशी जिभेवर रुळली की त्यामागचा माणूस हळूहळू पुसला जातो. मॉरिस कोण, हिस्लॉप कोण, हे विचारण्याची गरज कुणाला वाटत नाही.

मी मात्र या हिस्लॉपसाहेबांच्या मागे लागलो तो निवृत्तीनंतर, आणि तोही कॉलेजमुळे नव्हे. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यात तुरुतुरु पोहणाऱ्या, मसुराच्या दाण्याएवढ्या एका प्राण्याविषयी वाचताना त्याच्या शास्त्रीय नावात मला हिस्लॉप भेटले. प्राण्याचे नाव सायक्लेस्थेरिया हिस्लोपी. ज्या माणसाच्या नावाचे कॉलेज नागपुरात टेंपल रोडवर उभे आहे, त्याच माणसाच्या नावाचा हा जीव भारतात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत तळ्यांच्या शेवाळात नांदत असल्याचे शंभरावर वर्षे मानले जात होते. कॉलेजची ख्याती विदर्भापुरती, या दाण्याएवढ्या प्राण्याची मात्र जगभर!

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावचा. एडिंबरो आणि ग्लासगो येथे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळे झाले. हिस्लॉप या नव्या पंथाबरोबर गेले. पुढच्याच वर्षी इरॅस्मा हल यांच्याशी लग्न करून त्यांनी मुंबईची बोट पकडली. १८४४ च्या डिसेंबरात मुंबई आणि १८४५ च्या फेब्रुवारीत नागपूर. तेव्हा नागपुरात तिसऱ्या रघुजी भोसल्यांची गादी होती, कामठीला इंग्रजांची छावणी होती, आणि रेल्वे यायला अजून वीसेक वर्षे अवकाश होता.

ते आले होते धर्मप्रसारासाठी. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही, आणि त्यांनीही ती कधी झाकली नाही. मराठी शिकले, १८४६ मध्ये शाळा काढली, थंडीच्या दिवसांत गावोगाव, बाजारोबाजार हिंडून प्रवचने केली. पण या कामाचा हिशेब मांडला तर जमेची बाजू अगदीच बारीक भरते. अठरा वर्षांच्या खटपटीनंतर धर्मांतर केलेली माणसे फार थोडी. लोकांनी शाळा स्वीकारली, इंग्रजी स्वीकारले, धर्म मात्र आपलाच ठेवला. ज्यासाठी घर सोडले ते काम हाताला लागत नाही, अशा अवस्थेत माणूस एक तर कडवट होतो, नाही तर आजूबाजूला पाहू लागतो. हिस्लॉप पाहू लागले.

टाकळीचे दगड

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे तरुण सहकारी त्यांना येऊन मिळाले. पुढे प्रकृतीमुळे हंटर मायदेशी परतले आणि तिथे त्यांनी एक प्रचंड इंग्रजी कोश सिद्ध केला. पण नागपुरातल्या वर्षांत दोघांना एक छंद जडला होता. संध्याकाळी फिरायला जायचे आणि दगड न्याहाळायचे. १८५१ च्या सुमारास शहराजवळच्या टाकळी येथे काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये त्यांना एक वेगळा, फिकट थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई होत्या, दगड होऊन बसलेल्या.

हा काळा खडक म्हणजे आपलाच. अमरावती, अकोला, सगळे वऱ्हाड त्याच लाव्ह्यावर वसलेले आहे, आणि आपली काळी कपाशीची जमीन म्हणजे त्याच खडकाची माती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा एका दमात वाहिला नाही. एक लोट यायचा, मग मध्ये हजारो वर्षांची शांतता. त्या शांततेत खोलगट जागी पाणी साचे, तळी होत, शेवाळ वाढे, जीव येत. मग पुन्हा लोट यायचा आणि तळे दगडाखाली मिटून जायचे. टाकळीचा तो फिकट थर म्हणजे अशाच एका मिटलेल्या तळ्याचे पान. हिस्लॉप यांनी त्याचे वय आजच्या मानाने अलीकडचे धरले होते. पण ते गोड्या पाण्याचे तळे होते, हे त्यांनी अचूक ओळखले.

त्या थरात गोगलगाईंबरोबर आणखी काहीतरी होते. तिळाएवढे, दोन झडपांचे शिंपले. वरवर पाहता शिंपला, पण आतला प्राणी कोळंबी-खेकड्यांच्या कुळातला. पायांना सांधे असलेला, दोन झडपांच्या आत बसून पोहणारा. निर्मळच्या डोंगरात डॉ. माल्कमसन यांना असेच जीवाश्म आधी सापडले होते आणि सोवर्बी यांनी १८४० मध्ये त्यांना सायप्रिस हे कुलनाम देऊन नावेही ठेवली होती. हिस्लॉप यांनी नागपूरकडचे भरघोस नमुने विलायतेला पाठवले. रूपर्ट जोन्स या जाणकाराने १८६० मध्ये ते अभ्यासले आणि नव्या जातींपैकी एकीला हिस्लॉप यांचे, एकीला हंटर यांचे नाव दिले. सोवर्बी यांनी दगडातल्या ज्या शिंपल्याला सायप्रिस सबग्लोबोसा म्हटले, तेच नाव पुढे आपल्या तळ्यांत आज पोहणाऱ्या जिवंत प्राण्यालाही लावले गेले. दोन्ही खरोखर एकच का, यावर अभ्यासक वाद घालतात. पण कोट्यवधी वर्षांच्या अंतरावरच्या दोन जीवांमध्ये असा वाद व्हावा, इतके ते सारखे दिसतात, हेच नवल.

नागपूरच्या दक्षिणेला सुमारे साठ मैलांवरच्या मांगली येथे तर आणखी जुना ठेवा निघाला. तिथल्या तांबड्या दगडात बेडकाच्या दूरच्या नातलगाची चपटी कवटी सापडली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स नाव दिले. त्याच दगडात एस्थेरिया नावाचे, सालपटासारख्या पातळ शिंपल्यात राहणारे कवचधारी जीव होते. १८६२ मध्ये जोन्स यांनी त्यांना गावाच्याच नावावरून एस्थेरिया मांगलिएन्सिस म्हटले. तो दगड सुमारे पंचवीस कोटी वर्षांचा.

जिवंत पाण्याकडे

इथपर्यंतची गोष्ट दगडांची. पण हिस्लॉप तेवढ्यावर थांबले नाहीत. मेलेल्या तळ्यात जे दिसले ते जिवंत तळ्यात आहे का, हा सरळ प्रश्न त्यांना पडला असावा, कारण त्यांनी नागपूरच्या पाण्यातले सूक्ष्म जीव गोळा करून तेही लंडनला धाडले. ब्रिटिश म्युझियममध्ये ते पोचले विल्यम बेअर्ड यांच्या हाती. योगायोग असा की बेअर्डही मूळचे बेरिकशायरचेच. एका परगण्यातल्या दोन माणसांनी नागपूरच्या गाळाचा विचार करावा, असे विधिलिखित होते. १८५९ मध्ये बेअर्ड यांनी त्यांतल्या नव्या जाती लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केल्या आणि गोल शिंपल्याच्या एका प्राण्याला एस्थेरिया हिस्लोपी हे नाव दिले. याच सुमारास एका स्थिर वसाहत करून राहणाऱ्या गोड्या पाण्यातल्या जीवाला कार्टर यांनी हिस्लॉपिया म्हटले, आणि एका हिरव्या खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव मिळाले.

आता या प्राण्यांत एवढे काय आहे, असे कुणी विचारील. उत्तर वऱ्हाडातल्या माणसाला सर्वांत चटकन पटेल, कारण पाण्याचा बेभरवसा आपल्याइतका कुणाला ठाऊक? आमच्याकडे मृग बरसला की नाला फुगतो, पौष-माघात त्याच नाल्यात पोरे क्रिकेट खेळतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर पाणी असूनही नसल्यासारखे. कर्जाच्या तपासणीसाठी मी त्या भागातल्या शेतांतून पुष्कळ हिंडलो. एका गावची विहीर खारी, मैलभरावरची गोडी. बँकेच्या फॉर्मात ओलिताचे साधन असा एकच रकाना असे; पाण्याची चव विचारणारा रकाना नव्हता. जीवांना मात्र तो रकाना टाळता येत नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्या-कोळंबीच्या अंगात क्षार बाहेरच्या पाण्याहून जास्त असतात. म्हणून पाणी सतत अंगात शिरू पाहते आणि क्षार निसटू पाहतात. जास्तीचे पाणी बाहेर टाकायचे आणि क्षार कल्ल्यांवाटे ओढून घ्यायचे, हे काम त्यांना जन्मभर करावे लागते. पाणी खारे झाले की हा सारा हिशेब बदलतो. शेजारच्या बुलढाण्यातल्या लोणार सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की गोड्या पाण्यातल्या बहुतेक जीवांचा तिथे निभाव लागत नाही.

पाणी आटते, यावर या कुळाने दोन तोडगे काढले आहेत. पहिला मुदत ठेवीचा. पावसाच्या डबक्यातला कवचधारी जीव काही आठवड्यांत लहानाचा मोठा होतो, टणक आवरणाची अंडी घालतो आणि डबक्याबरोबर संपतो. अंडी गाळात राहतात. चैत्र-वैशाखात गाळाची भेगाळलेली ढेकळे होतात तरी आतले अंडे मरत नाही. त्याच्या जगण्याचा वेग जवळजवळ शून्यावर येतो. यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणजे पहिला पाऊस पडला की सगळी अंडी फुटत नाहीत. काही फुटतात, काही पुढच्या पाण्याची, तर काही पुढच्या वर्षांची वाट पाहतात. मृगाच्या सरीनंतर पावसाने दडी मारली तर फुटलेली पिल्ले मरतील, पण शिल्लक ठेव शाबूत. दुबार पेरणीचे संकट सोसलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. सगळ्या मुदत ठेवी एकदम मोडू नका, हे मी बँकेच्या काउंटरवर ज्यांना सांगत आलो, त्यांच्या शेतातल्या डबक्यात हा नियम माणसाच्या जन्माआधीपासून चालू होता!

दुसरा तोडगा लेकरे पोटाशी धरण्याचा. आपल्या नाल्याकाठचा खेकडा घ्या. समुद्रातल्या खेकड्यांची पिल्ले पाण्यावर मोकळी तरंगत, रूपे बदलत वाढतात. नाल्याच्या वाहत्या पाण्यात असे केले तर पिल्ले थेट पूर्णेत आणि पुढे तापीत. म्हणून गोड्या पाण्यातल्या खेकड्यांनी मधल्या साऱ्या पायऱ्या अंड्यातच उरकल्या. मादीच्या पोटाखालच्या झाकणात मोजकी, मोठी अंडी असतात आणि त्यांतून निघतात ते अगदी खेकड्यासारखे खेकडे. उन्हाळ्यात पाणी गेले की खेकडा काठाच्या मातीत बीळ करून ओलाव्यापर्यंत उतरतो. दख्खनच्या अशाच एका खेकड्याचे वर्णन कर्नल साइक्स यांच्या नमुन्यांवरून १८३६ मध्ये झाले, तेव्हा त्याच्या नावातच बिळाचा अर्थ घालण्यात आला.

हिस्लॉप यांचा प्राणी वेगळा ठरला तो इथे. त्याचे बहुतेक भाऊबंद पहिल्या तोडग्याचे, म्हणजे अंडी गाळात टाकून मोकळे होणारे. हा मात्र दोन्ही घरचा. पाणी भरपूर असते तेव्हा मादी शिंपल्याच्या आत, पाठीशी अंडी सांभाळते आणि आईसारखीच दिसणारी पिल्ले बाहेर सोडते. बहुतेक ठिकाणी हे काम नरावाचूनच चालते. नर फार क्वचित दिसतो. दिवस वाईट आले की ती टिकाऊ अंडी घालते आणि ती तिच्या गळून पडलेल्या कवचात सुरक्षित राहतात. नॉर्वेच्या सार्स यांनी ऑस्ट्रेलियातून आलेला वाळका गाळ आपल्या घरी पाण्यात भिजवला, तेव्हा त्यातून हाच प्राणी जिवंत झाला. १८८७ मध्ये सार्स यांनी त्याला स्वतंत्र कुळ दिले आणि एस्थेरियाचा सायक्लेस्थेरिया झाला. हिस्लॉप हे नाव मात्र तसेच राहिले.

आपल्या टाक्यात-हौदात उड्या मारणारी पाणपिसू ही याची जवळची नातलग. तीही अशीच पोटात पिल्ले वाढवते आणि नरावाचून भागवते. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ती आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन वाढवून तांबूस होते. शत्रूचा वास पाण्यात आला की तिच्या काही जातींची पिल्ले डोक्यावर टोप किंवा मानेवर काटे घेऊन जन्मतात. बीज तेच, पण पाणी बदलले की रूप वेगळे. एका हौदातली आणि दुसऱ्या हौदातली पाणपिसू पाहून पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळ्या जाती ठरवल्या, असे कितीदा घडले आहे.

हिस्लॉप यांच्या प्राण्याबाबत नेमके उलटे घडले. रूप सगळीकडे एकच, म्हणून तो जगभर एकच जात मानला गेला. २०१३ मध्ये परदेशी व आपल्याकडील अभ्यासकांनी मिळून वेगवेगळ्या खंडांतल्या नमुन्यांचे डीएनए ताडून पाहिले. तेव्हा कळले की ही एक जात नसून दिसायला सारख्या अनेक जाती आहेत आणि त्यांच्या वाटा डायनोसॉरच्या काळातच फुटलेल्या आहेत. म्हणजे टाकळीचे तळे लाव्ह्याखाली मिटले त्याच्याही आधीपासून हा वंश आपला आपला चालला आहे. आपल्या जिल्ह्याच्या टोकाला सालबर्डीकडे अमरावती विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांना डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्म मिळाले आहेत. ती अंडी दगड झाली. डबक्यातली अंडी अजून दरवर्षी फुटतात. आणि नावाच्या नियमाप्रमाणे हिस्लोपी हे नाव ज्या प्राण्याकडे राहील, तो नागपूरच्या पाण्यातला.

शेवटचा नाला

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. त्याच वर्षी रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८५५ मध्ये हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. पुढच्या वर्षांत हिस्लॉप यांचे लक्ष गोंडांकडेही वळले. त्यांची भाषा, चालीरीती, लिंगोची लांबलचक गाथा, सारे ते टिपून ठेवत होते.

१८६३ च्या सप्टेंबरात मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ते टाकळघाटकडे गेले. तिथे जुन्या काळची दगडी वर्तुळे आहेत, ती उकरून पाहायची होती. ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप मागे थांबले, गावची शाळा पाहायला. शाळा पाहून एकटेच घोड्यावर निघाले. वाटेत नाला होता. सकाळी सहज ओलांडलेला नाला संध्याकाळी फुगला होता. मुक्कामावर घोडा पोचला, स्वार नव्हता. शोध घेतल्यावर त्यांचे शव पाण्यात सापडले. सेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

चढत्या-उतरत्या पाण्यातले जीव ज्याने जगाला दाखवले, तो तशाच पाण्यात गेला. यातून काही बोध काढावा असे मला वाटत नाही. आपल्याकडे दर पावसाळ्यात फुगलेल्या नाल्याने घरचा माणूस नेल्याच्या बातम्या असतात, त्यांतलीच ही एक. त्यांच्या गोंडांविषयीच्या टिपणांचे पुस्तक टेंपल यांनी १८६६ मध्ये काढले. शाळेचे पुढे कॉलेज झाले, १८८३ मध्ये. आणि ज्या कामासाठी ते आले होते ते सोडून, जाता-येता वेचलेल्या दगड-गाळाने त्यांचे नाव टिकवले.

मला काळजी वाटते ती या गाळाची. तलाव बुजवला तर निदान चार लोक ओरडतात. डबके बुजवले तर कुणी ओरडत नाही, उलट बरे झाले म्हणतात, डास गेले. शेत सपाट करताना खोलगट जागा भरून निघतात. नाल्यांची खोली वाढते, गावतळ्याच्या जागी सभामंडप येतो. शेततळी झाली ही चांगलीच गोष्ट, पण अनेकांच्या तळाशी प्लॅस्टिकचा कागद असतो. पाणी आहे, गाळ नाही, म्हणजे चालू खाते आहे आणि ठेव शून्य. शेतकऱ्याला पाणी हवेच, त्याच्याशी माझे भांडण नाही. परंतु गावाच्या शिवारात एखादा तरी खोलगा असा असावा की ज्याला उन्हाळ्यात वाळू द्यावे आणि पावसाळ्यात भरू द्यावे. वर्षातून आठ महिने कोरडी असलेली जागा ओसाड नसते. तिथे कुणीतरी वाट पाहत असते.

पटत नसेल तर मुलांना हाताशी धरून या उन्हाळ्यात करून पाहा. एखाद्या वाळलेल्या डबक्यातले मूठभर ढेकूळ काचेच्या बरणीत घाला, वर पावसाचे किंवा शिळे, क्लोरिन उडालेले पाणी ओता आणि बरणी उजेडात, पण उन्हाआड ठेवा. काही दिवसांत पाण्यात ठिपके हलू लागले तर भिंगातून पाहा. न हलले तरी बरणी लगेच ओतू नका. गाळ पुन्हा वाळवा आणि पुन्हा भिजवा. काही ठेवी उशिरा पिकतात.